लघवीची वही

रात्री १२.५० – ३१० मिली.
२.४० – २६०.
४.१५ – १९०.
सकाळी ६.२० – २२०.

हे आकडे माझ्या हस्ताक्षरातले आहेत. स्वयंपाकघरातलं मापाचं एक जुनं प्लास्टिकचं भांडं मी बाथरूममध्ये नेऊन ठेवलं होतं. वहीला दोरा बांधून ती खिळ्याला टांगली होती आणि पेन तिच्यातच खोचलं होतं. तीन दिवस आणि तीन रात्री हेच केलं. दर वेळी भांड्यात लघवी करायची, आकडा बघायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं आणि भांडं धुऊन जागेवर ठेवायचं. दुसऱ्या पानावर काय प्यायलो, किती प्यायलो आणि कधी, त्याची नोंद.

माझं वय ५९. तीस वर्षांहून जास्त काळ मी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम केलं. आवक, जावक, दाब, व्हॉल्व्ह, गळती या शब्दांतच माझा दिवस जातो. दोन वर्षांपूर्वी लघवीची धार बारीक व्हायला लागली तेव्हा मनाशी निदानही मी त्याच भाषेत करून टाकलं होतं: व्हॉल्व्ह आवळला गेलाय.

ते निम्मं बरोबर होतं. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. वीर्यातला काही भाग द्रव तयार करणं हे तिचं काम. वय वाढतं तशी ती वाढत जाते. पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांमध्ये आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुतेकांमध्ये ही वाढ सापडते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. पण मधून जाणारी नळी दाबली गेली की धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब येत राहते आणि पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

मी काय केलं? कुणाला सांगितलं नाही. बाहेर कुठे गेलो की मागच्या माणसाला पुढे जाऊ द्यायचो, कारण मागे कुणी उभं असलं की सुरूच व्हायची नाही. लांबच्या प्रवासात पाणी पिणं सोडलं. आणि एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून कॅप्सूलची बाटली आणली. सॉ पाल्मेटो नावाच्या एका ताडाच्या जातीच्या झुडपाच्या फळांचा अर्क, जोडीला व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि झिंक. बाटलीवर लिहिलं होतं, ‘पुरुषांच्या आरोग्यासाठी’. आठ महिने रोज दोन कॅप्सूल घेतल्या.

त्या बाटलीत काय होतं ते मी नंतर शोधून वाचलं, आणि ते प्रत्येक पुरुषाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. सॉ पाल्मेटोची नीट चाचणी झालेली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६९ पुरुषांना ७२ आठवडे एकतर हा अर्क नाहीतर तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी दिली होती. अर्काचा डोस वाढवत वाढवत नेहमीच्या तिप्पट केला, तरी पोकळ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची गोष्ट याहून गंभीर आहे. हे दोन्ही प्रोस्टेट कॅन्सरपासून वाचवतील अशी आशा होती, म्हणून २००१ पासून ३५,५३३ पुरुषांवर एक प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. उपयोग दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. त्यानंतरही त्या पुरुषांवर लक्ष ठेवलं गेलं, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं होतं. त्या चाचणीतला रोजचा डोस ४०० युनिटचा होता. माझ्या बाटलीवरही ४००च लिहिलं होतं. तो आकडा बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ ती बाटली हातात धरून बसलो होतो.

बदाम, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया यांच्यातलं व्हिटॅमिन ई वेगळं. ते अन्नासोबत, थोडं थोडं येतं. त्याला घाबरायचं कारण नाही. मी बोलतोय ते एका घोटात गिळायच्या मोठ्या डोसबद्दल.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो तो एका पहाटे. उभा राहिलो आणि पाच मिनिटं काही झालंच नाही म्हणून. यूरोलॉजिस्टने आधी सात प्रश्नांचा कागद भरून घेतला. किती वेळा थांबून थांबून होते, किती वेळा जोर लावावा लागतो, रात्री किती वेळा उठता, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. माझे १७ आले. ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास, त्यामुळे मी त्या पट्टीच्या वरच्या टोकाकडे होतो. मग गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी झाली. दोन वर्षं ज्या तपासणीच्या भीतीने मी लांब राहिलो, ती अर्ध्या मिनिटात संपली. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची चाचणी, १.९. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम, लघवी करून आल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी ४५ मिली. कॅन्सरची शंका यावी असं काही नाही. मूत्राशयाच्या तोंडापाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करणारी एक गोळी रात्री झोपताना सुरू झाली.

आठवडाभरात धार सुधारली. पण रात्रीचं उठणं तसंच राहिलं. तीन वेळा, कधी चार.

महिन्याने परत गेलो. ‘‘डॉक्टर, गोळी अर्धवटच काम करतेय,’’ मी म्हणालो.

‘‘किती वेळा उठता ते तुम्ही सांगितलंत,’’ ते म्हणाले. ‘‘दर वेळी होते किती, ते मोजून आणा.’’

म्हणून ती वही.

वरचे आकडे पुन्हा बघा. झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत ९८० मिली. चोवीस तासांचे २,१००. म्हणजे जवळजवळ निम्मी लघवी रात्री तयार होत होती. माझ्या वयात रात्रीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला की त्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. डॉक्टरांनी ३१० या आकड्याखाली रेघ मारली. व्हॉल्व्हचा दोष असता तर रात्री दर वेळी थोडी थोडी झाली असती. ३१० मिली म्हणजे मूत्राशय खरोखर भरलं होतं. मला उठवत होती ती आवक. हे मला आधीच सुचायला हवं होतं. टाकी रात्री ओसंडते तेव्हा आपण पहिल्यांदा इनलेट बघतो.

त्यांनी माझा पायमोजा खाली ओढला. मोज्याच्या रबराचा खोल वळ नडगीवर उमटला होता. त्याच्या वर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, हळूहळू भरून आला. दिवसभर उभं राहून पायांत साठलेलं पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात. मूत्रपिंडं आणि हृदय तपासून घेतलं, दोन्ही ठीक निघाले. बीपी १४८/९२ आलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कमरेचा घेर १०४ सेंटीमीटर. मग त्यांनी विचारलं की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाता-पिता, तासातासाचं सांगा.

मी प्रोस्टेटसाठी कुठलं फळ खाऊ ते विचारायला गेलो होतो. बोलणं झालं ते मिठावर.

जपानमधल्या नागासाकी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हेच मांडलं. जास्त मीठ खाणाऱ्या आणि झोपमोड होणाऱ्या ३२१ स्त्री-पुरुषांना त्यांनी मीठ कमी करायचा सल्ला दिला. त्यातल्या २२३ जणांना ते जमलं. रोजचं १०.७ ग्रॅम मीठ ८ ग्रॅमवर आलं, आणि रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर. बाकीच्या ९८ जणांचं मीठ उलट वाढलं, त्यांचं उठणंही २.३ वरून २.७ झालं. हे वाचल्यावर मी वहीत ‘मीठ’ असा नवा रकाना आखला. कारण सरळ आहे. मीठ जास्त झालं की ते पातळ ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं, तहानही वाढते. दिवसा जे मीठ बाहेर टाकून होत नाही ते रात्री टाकलं जातं, आणि मीठ निघालं की पाणी त्याच्यामागे जातं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. जेवणावर वरून मीठ घेणं मी पहिल्या दिवशी बंद केलं, पण त्याने फारसं काही हललं नाही, कारण बहुतेक मीठ पाकिटांतून येत होतं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. चारच्या सुमाराला कामावर बसून मी जे खारं पाकीट संपवायचो, त्या एकट्यात दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा होता. हे गणित मी कागदावर केलं आणि ते पाकीट सुटलं. नुसतं ‘मीठ कमी खा’ ऐकून ते सुटलं नसतं. पहिले आठ-दहा दिवस घरचं जेवण पाणचट लागलं. तिसऱ्या आठवड्यात बाहेर जेवायची वेळ आली आणि पहिलाच घास खारट लागला, तेव्हा कळलं की जीभ बदलली.

बाकीचे बदल लहान होते. पाणी कमी केलं नाही, फक्त त्याची वेळ बदलली. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत भरपूर, नंतर तहानेपुरतं. पाणीच तोडणारे खूप जण मला भेटलेत, मीही त्यातलाच होतो. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला आणखी टोचते आणि वरून मूतखड्याचा धोका. संध्याकाळी साडेसहाचा आणि आठचा चहा बंद केला. चहा-कॉफीतल्या कॅफीनने लघवीची घाई वाढते. दारूने तर शरीरातलं पाणी राखणारं हार्मोनच दबतं, त्यामुळे प्यालेल्यापेक्षा जास्त बाहेर जातं. रात्रीचं जेवण साडेनऊचं साडेसातवर आणलं. संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून आडवा पडायला लागलो, म्हणजे ते पायातलं पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल. आणि पोट साफ राहील याकडे लक्ष दिलं. हे फारसं कुणी बोलत नाही, पण गुदाशय प्रोस्टेटच्या अगदी पाठीला चिकटून आहे. बद्धकोष्ठ असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि लघवी अडते. भाज्या, डाळी, सालासकट फळं, अख्खी धान्यं यांचा माझ्या लघवीवर झालेला पहिला फायदा असा मागच्या दाराने झाला.

आता त्या यादीबद्दल, जी सगळ्यांना हवी असते. टोमॅटो खाऊ का? खा. त्यातलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य शिजवलेल्या आणि थोड्या तेलातल्या टोमॅटोतून जास्त चांगलं शोषलं जातं. टोमॅटो जास्त खाणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर कमी दिसल्याचं १९९५ पासून अभ्यासांत येत आलंय. पण जास्त टोमॅटो खाणारा माणूस इतरही दहा गोष्टी वेगळ्या करत असतो, त्यामुळे श्रेय टोमॅटोचंच असं सिद्ध झालेलं नाही. प्रोस्टेट वाढीच्या बाबतीत २००८ मध्ये एक अभ्यास आला होता. ४,७७० पुरुषांमध्ये रोज लाल मांस आणि जास्त चरबी खाणाऱ्यांना त्रास जास्त, भाज्या भरपूर खाणाऱ्यांना कमी. हाही संबंध दाखवणारा अभ्यास, कारण सिद्ध करणारा नव्हे. सोयाबीनने पुरुषत्व कमी होतं अशी भीती पुष्कळांना असते. नेहमीच्या प्रमाणात सोया खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉन घटत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे.

आणि एक गोष्ट मी लपवणार नाही. ज्यांना सौम्य प्रोस्टेट कॅन्सर आहे आणि ज्यांच्यावर फक्त लक्ष ठेवलं जातंय, अशा ४७८ पुरुषांपैकी निम्म्यांना रोज भाज्यांचे निदान सात भाग खायला सांगून दोन वर्षं बघितलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला. भाज्या वाढवलेल्यांचा कॅन्सर हळू वाढला, असं दिसलं नाही. कॅन्सर झालेल्या माणसाला कुणी ‘हे खा आणि उपचार सोड’ म्हणत असेल तर मला त्याचा फार राग येतो.

मग चांगलं खाण्याने पुरुषाचं भलं कुठे होतं? रक्तवाहिन्यांमध्ये. आणि इथे मला ती गोष्ट सांगावी लागेल जी मी बायकोलाही दीड वर्ष सांगितली नव्हती.

ताठरता कमी झाली होती. आधी कधीमधी, मग बहुतेक वेळा. मी ते वयावर ढकललं आणि हळूहळू जवळ जाणंच टाळायला लागलो. ती झोपेपर्यंत दुसऱ्या खोलीत काहीतरी वाचत बसायचो. त्यात गोळी सुरू झाल्यावर वीर्य जवळजवळ येईनासं झालं, तेव्हा मी पुरता हादरलो. डॉक्टरांनी समजावलं की या गटातल्या गोळ्यांनी असं होऊ शकतं, त्यात अपाय नाही आणि गोळी बंद केली की ते पूर्ववत होतं. हे गोळी सुरू करतानाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी ते मान्य केलं.

एका रात्री बायको स्वयंपाकघरात समोर येऊन बसली. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला माझा कंटाळा आलाय का?’’

दीड वर्ष ती हे मनात घेऊन होती. मी आत गेलो, वही आणली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. लघवीपासून सुरुवात केली, कारण तिथून सुरुवात करणं सोपं होतं. मग बाकीचं सांगितलं. ती आधी रडली, मग तिने चष्मा लावून सगळे आकडे वाचले. ‘‘हे १२.५० म्हणजे मी जागी असते तेव्हाच,’’ म्हणाली. ‘‘मला वाटायचं तुम्ही मुद्दाम उठून जाता.’’

मी पाइपांचा माणूस, म्हणून ताठरतेचं शास्त्र मला पटकन उमगलं. ताठरता म्हणजे रक्ताचा प्रवाह. मेंदूकडून इशारा आला की तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात आणि रक्त आत भरतं. शरीरातला हा निरोप्या शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना, १९९८ चं नोबेल मिळालं. आता पाइपांचा हिशेब बघा. लिंगातल्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. बारीक पाइप आधी तुंबतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची ताठरता कमी होणं ही पुष्कळदा हृदयाच्या आजाराची काही वर्षं आधी वाजलेली घंटा असते. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान या चौघांनी तीच वाहिनी आतून खराब केलेली असते. मधुमेहात तर नसाही बधिर होतात. पोटावरची चरबी वेगळंच काम करते. तिच्यातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो मला सगळ्यात जास्त धीर देऊन गेला. इटलीत ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला जेवणाचं आणि व्यायामाचं नीट, सतत मार्गदर्शन दिलं, दुसऱ्याला नुसती तोंडी माहिती. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली होती, दुसऱ्यातल्या ५५ पैकी ३ जणांची. हे २००४ मध्ये छापून आलं. १७ म्हणजे सगळे नव्हेत. पण गोळी न घेता १७.

म्हणून माझ्या ताटात आता निम्म्या भागात भाज्या असतात. हिरव्या पालेभाज्या आणि बीट जास्त, कारण त्यांच्यातल्या नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्यातला पहिला टप्पा जिभेवरचे जंतू करतात. सोबत डाळी, मूठभर बदाम-अक्रोड, आठवड्यातून दोनदा मासे. तळलेलं आणि गोड सणावारापुरतं. साखरेची पेयं पूर्ण बंद. रोज पाऊण तास भरभर चालणं. यातलं काहीच ‘त्या’साठीचं खास अन्न नाही. हृदयरोगतज्ज्ञ जे सांगेल तेच हे.

कामोत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘नैसर्गिक’ चूर्ण-कॅप्सूलबद्दल मात्र हात जोडून सांगतो, सांभाळा. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चोरून औषध मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं उघड केली. त्यात सगळ्यात मोठा वाटा लैंगिक शक्तीच्या उत्पादनांचा होता आणि त्यांत सिल्डेनाफिल किंवा त्याच्यासारखी द्रव्यं सापडली. सिल्डेनाफिल हे खरं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लाखो जण घेतात. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाच्या पोटात ते नकळत गेलं तर बीपी इतकं कोसळतं की जीव जाऊ शकतो.

सहा महिन्यांनी मी पुन्हा तीन दिवस वही भरली. रात्रीचे ५२० मिली, चोवीस तासांचे १,९००. एकदाच उठणं, तेही साडेतीनला. सात प्रश्नांच्या कागदावर १७ चे ९. वजन ८६ चं ७९, कंबर ९६, बीपी १३२/८४, एचबीए१सी ५.७. जवळीक परत आली आहे, रोज सारखी नाही, पण आता आम्ही बोलतो. सोनोग्राफीही पुन्हा केली. प्रोस्टेट ३८ ग्रॅम. होती तेवढीच. इतकं सगळं करून ती एक ग्रॅमनेही लहान झाली नाही, आणि गोळी मी अजून घेतो.

हे सगळं लिहायला बसलो ते दादामुळे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझं ऐकून त्यानेही खाणं सुधारलं, त्यात रोज बीट. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, ‘‘बिटाने लघवी लाल होते ना रे?’’

होते. काही जणांची होते. ‘‘शेवटचं बीट कधी खाल्लंस, दादा?’’

बराच वेळ तो बोललाच नाही. ‘‘चार दिवस झाले असतील.’’

बिटाचा रंग एक-दोन दिवसांत निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर दवाखान्यात होतो. लघवीतलं रक्त, अजिबात न होणारी लघवी, थंडी वाजून ताप, किंवा कंबरेच्या हाडांतलं न थांबणारं दुखणं, यावर ताटात उत्तर शोधायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. तपासणीत दादाच्या मूत्राशयात खडा निघाला. लघवी पूर्ण बाहेर न पडता साठत राहिली की असे खडे होतात. पाच-सहा वर्षं तो त्रास काढत होता आणि मला, सख्ख्या भावाला, त्याने तो सांगितला नव्हता. मीही त्याला माझा सांगितला तो बरा झाल्यावरच.

खडा काढून झाला, प्रोस्टेटचे उपचार सुरू झाले. आता डॉक्टरांनी त्यालाही मोजायला सांगितलंय. भांडं मी माझंच दिलं. काल रात्री साडेदहाला त्याचा फोन.

‘‘पहिल्या रात्रीचा पहिला आकडा साडेतीनशे आहे. जास्त आहे का रे?’’

‘‘एका आकड्यावरून कळत नाही, दादा. चोवीस तासांची बेरीज सांग.’’

‘‘थांब,’’ म्हणाला, ‘‘चष्मा आणतो.’’